सेवा क्लबचं अध्यक्षपद आणि वर्षाची ध्येयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदग्रहणाला दोन महिने उरले की नियोजित अध्यक्षांचे फोन सुरू होतात. मी स्वतः एकदा या खुर्चीत बसलोय आणि त्यानंतर बरीच वर्षं नव्या अध्यक्षांच्या प्रशिक्षण वर्गांना जातोय. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून इथे एकत्र लिहून ठेवले. क्लब रोटरीचा असो, लायन्सचा असो, की कुठल्याच मोठ्या संघटनेशी न जोडलेला असो, बहुतेक उत्तरं लागू पडतील. फक्त मतदान, मुदत आणि पैसा यांबाबत काही करण्याआधी आपल्या क्लबची घटना उघडून बघा. ती सहसा सचिवाच्या कपाटात असते आणि सहसा कुणी वाचलेली नसते.

१. सेवा क्लब आणि धर्मादाय संस्था यांत फरक काय? दोन्ही समाजसेवाच करतात ना?

करतात, पण चालतात वेगळ्या रीतीने. संस्थेचा विषय ठरलेला असतो, पगारी माणसं असतात, विश्वस्त वर्षानुवर्षं तेच राहू शकतात. क्लबात आपापला धंदा-नोकरी सांभाळून माणसं एकत्र येतात, ओळखी होतात, त्या ओळखींच्या जोरावर कामं उभी राहतात. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ला शिकागोत तीन परिचितांना घेऊन पहिली बैठक भरवली, तेव्हा सेवेचा विषयही नव्हता. मैत्री व्हावी आणि धंद्याला एकमेकांची मदत व्हावी, एवढंच होतं. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, म्हणून नाव पडलं रोटरी. पुढे १९०७मध्ये या मंडळींनी हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे शहरात स्वच्छतागृहं. फीत कापायला झुंबड उडावी असं ते काम नाही, पण गरज खरी होती. किवानिस हा असाच दुसरा क्लब १९१५ला डेट्रॉइटमध्ये सुरू झाला, लायन्स १९१७ला शिकागोत.

या क्लबांचा अध्यक्ष साधारणपणे दरवर्षी बदलतो. रचनेची ताकद यातच आहे आणि खोटही. खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच आलेत.

२. अध्यक्षाचं नेमकं काम काय? सगळं मलाच करायचंय का?

सगळं स्वतः करणारा अध्यक्ष फेब्रुवारीत आजारी पडतो किंवा चिडका होतो. सभा चालवणं, समित्यांना प्रमुख नेमणं, संचालक मंडळात निर्णय घडवून आणणं आणि ठरलेल्या गोष्टींचा पाठपुरावा करणं, हे तुमचं काम. इतिवृत्त सचिव लिहील, हिशेब खजिनदार ठेवील. प्रकल्पाच्या दिवशी खुर्च्या जरूर उचला, लोकांना ते दिसतं आणि दिसायलाही हवं. पण खुर्च्या कुठून आणायच्या, हा फोन तुम्हाला येत असेल तर समिती नेमताना चूक झालीय.

३. वर्ष कधी सुरू होतं आणि तयारी कधीपासून करावी?

रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलै ते ३० जून, किवानिसचं १ ऑक्टोबरपासून. स्वतंत्र क्लब आपल्या घटनेप्रमाणे. तयारी किमान सहा महिने आधी सुरू व्हावी, कारण हातात बारा महिने आहेत हा भ्रम असतो. पहिला महिना पदग्रहण, भेटीगाठी आणि बँकेत सह्या बदलण्यात जातो. शेवटचे दोन अहवालात आणि पुढच्याच्या पदग्रहणाच्या तयारीत. सुट्ट्या आणि परीक्षांचे आठवडे वजा करा. कामाचे आठ महिने उरले तर नशीब समजा. ध्येयं या आठ महिन्यांच्या मापाने बेतायची.

४. वर्षाला किती ध्येयं असावीत?

तीन. एक मागच्या अध्यक्षाकडून आलेलं, एक या वर्षाचं, आणि एक असं की जे तुमच्या वर्षात पुरं होणारच नाही, पण पुढच्याच्या हाती अर्धं उभं राहिलेलं द्यायचंय.

माझ्या वर्षी मी अकरा लिहिली होती. जाड कागदावर छापून पदग्रहणाच्या दिवशी वाटलीही. वर्षअखेरीला अहवाल लिहायला बसलो तेव्हा अकरापैकी सातांपुढे ‘पूर्ण’ असं लिहिता येत होतं. त्यांतल्या पाच गोष्टी एकेका सकाळच्या होत्या: आलो, बॅनर लावला, कार्यक्रम केला, बॅनर गुंडाळला. एक ना धड भाराभर चिंध्या. त्यातलं आज काय शिल्लक आहे असं विचाराल, तर मुलांची एक छोटी वाचनखोली तेवढी चालू आहे. ती सुरू केली होती माझ्या आधीच्या अध्यक्षाने. मी फक्त खोलीची पुढची परवानगी मिळवली आणि कपाटाला कुलूप बसवून दिलं. अकरांच्या त्या यादीत ही वाचनखोली नव्हतीच.

तेव्हापासून नव्या अध्यक्षाला पहिला प्रश्न मी हाच विचारतो: मागच्याचं काय चालू ठेवणार आहेस? बहुतेकांनी तो विचारच केलेला नसतो.

५. ‘रक्तदान शिबिर घेणे’, ‘झाडं लावणे’ ही ध्येयं नाहीत का?

हे उपक्रम झाले. उपक्रम कॅलेंडरवर लिहायचा असतो, तो झाल्यावर कुणाच्या आयुष्यात काय फरक पडायला हवा ते ध्येयात लिहायचं. रोपं किती लावली हा आकडा त्याच दिवशी मिळतो आणि छापूनही येतो. पुढच्या उन्हाळ्यानंतर त्यांतली किती जिवंत आहेत हे मोजायला कुणी जात नाही, कारण तोवर अध्यक्ष बदललेला असतो.

नेत्रतपासणीचंही तसंच. हेलन केलर यांनी १९२५मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंट इथल्या लायन्सच्या अधिवेशनात दृष्टिहीनांसाठी झटण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून डोळ्यांचं काम ही त्या संघटनेची ओळख झाली. पण तपासणी ही पहिली पायरी. शिबिराची वही उघडा. मोतीबिंदू निघालेल्यांच्या नावापुढे शस्त्रक्रियेची तारीख आहे का? शस्त्रक्रियेला माणूस गेला नसेल तर का नाही: सोबत यायला कुणी नव्हतं, भीती वाटली, की त्या दिवसाची मजुरी बुडणार होती? मी पाहिलेल्या एका वहीत तारखेचा रकानाच आखलेला नव्हता. क्लबच्या दृष्टीने तपासणी झाली तिथेच काम संपलं होतं. ‘शिबिर घेणे’ ऐवजी ‘मोतीबिंदू निघालेल्या प्रत्येकाची शस्त्रक्रिया मार्चअखेर होईल किंवा का झाली नाही ते लिहिलेलं असेल’ असं वाक्य लिहिलं की तो रकाना आपोआप आखला जातो.

प्रत्येक ध्येयात आकडा, तारीख आणि एका माणसाचं नाव हवं. ‘स्मार्ट’ (SMART) ध्येयांची युक्ती, म्हणजे या इंग्रजी शब्दातल्या एकेका अक्षरामागे चांगल्या ध्येयाची एकेक कसोटी, प्रशिक्षणात तुम्ही ऐकलीच असेल. ती जॉर्ज डोरान यांनी १९८१मध्ये एका लेखात मांडली. त्यातल्या ‘ए’चा अर्थ आजकाल ‘गाठता येण्याजोगं’ असा शिकवतात. डोरान यांच्या लेखात तो ‘कुणाकडे सोपवलंय’ असा होता. मला विचाराल तर मूळचा अर्थच जास्त उपयोगाचा. ‘समिती बघेल’ असं लिहिलेलं काम कुणीच बघत नाही.

६. लोकांची गरज काय आहे हे कसं ओळखायचं?

विचारून. आणि विचारायला जाताना हातात प्रकल्पाचा आराखडा नेऊ नका. तुम्ही काहीतरी देणार आहात हे दिसलं की समोरचा माणूस भिडेखातर ‘चालेल’ म्हणतो.

एका शाळेत आम्ही हात धुण्याची सोय करून दिली. फरशी छान, नळ सहा, उद्घाटन थाटात. महिन्याभराने सहज गेलो तर पहिलीतली एक मुलगी नळाखाली दोन विटा एकावर एक ठेवून त्यावर तोल सावरत उभी. नळ मोठ्यांच्या मापाने बसवले होते. मुख्याध्यापकांना विचारलं होतं, देणगीदाराला विचारलं होतं, प्लंबरला विचारलं होतं. ज्यांचे हात धुवायचे होते त्यांची उंची कुणी मोजली नव्हती. पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांनी खाली चौथरा बांधून घेतला. त्यांच्या अहवालात ती एक ओळ आहे. माझ्या मते त्या वर्षातलं ते सर्वांत चांगलं काम.

७. सदस्यवाढीचं ध्येय कसं ठेवावं?

निव्वळ आकडा ठेवा. चाळीस सदस्य होते, आठ नवे आले, नऊ गेले, तर अहवालात ‘आठ नवे सदस्य’ असं लिहून टाळ्या मिळतात आणि क्लब एकोणचाळीसचा होतो. गळती कुठे आहे ते आधी शोधा. ती बहुधा पहिल्या वर्षातच असते: नव्याला पिन लावली, फोटो काढला, आणि मग कुणी काम सांगितलं नाही. नवा सदस्य आल्यापासून तीस दिवसांत त्याच्याकडे छोटं का होईना स्वतःचं काम हवं, आणि सभेत शेजारी बसणारा एक ठरलेला जुना सदस्य.

तरुण हवे असतील तर रोटरॅक्ट, इंटरॅक्ट, लिओ अशा शाखांशी नातं ठेवा. इंटरॅक्ट १९६२पासून आहे आणि रोटरॅक्ट १९६८पासून. ज्यांचा तुमच्याशी संबंध फक्त ‘स्वयंसेवक पाठवा’ एवढाच आला ती मुलं पुढे तुमच्या क्लबात येणार नाहीत. त्यांनाही बोलवा आणि त्यांच्याकडे निर्णय सोपवा.

८. पैशाचं ध्येय कसं ठरवायचं? लोकांकडून जमवलेल्या निधीतून क्लबचा खर्च भागवला तर चालतं का?

नाही. सभागृहाचं भाडं, छपाई, पदग्रहण हा सगळा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून. लोकांनी सेवेसाठी दिलेलं सेवेलाच. दोन वेगळी बँक खाती असतील तर हा वाद उद्भवतच नाही, आणि खजिनदाराला रात्री झोप लागते. मोठ्या संघटनांच्या क्लबांना हा नियमच आहे, पण स्वतंत्र क्लबांनीही पाळावा.

रकमेच्या आधी यादी करा: मागच्या वर्षी कुणी दिलं आणि त्यांतल्या किती जणांना खर्चाचा हिशेब कळवला? ज्यांना कळवला नाही त्यांच्याकडे परत जाताना जीभ अडखळते. सुरुवात लहान असली तर बिघडत नाही. रोटरी फाउंडेशन, म्हणजे रोटरीचा सेवाकार्याचा निधी, ही कल्पना तेव्हाचे रोटरीचे अध्यक्ष आर्च क्लंफ यांनी १९१७मध्ये मांडली आणि त्यात पडलेली पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर.

९. सभेला माणसंच येत नाहीत. हजेरीची सक्ती करावी का?

सक्तीने खुर्च्या भरतात, सभा नाही. वेळेवर सुरू करा, मग दोघेच का असेनात. तिसऱ्या सभेपासून मंडळी वेळेवर येऊ लागतात. घोषणा व्हॉट्सअॅपवर टाका, सभेत वाचू नका. प्रत्येक सभेत एका तरी मुद्द्यावर सदस्यांचं मत लागावं असं काहीतरी ठेवा, नुसतं पाहुण्यांचं भाषण ऐकायला माणूस किती वेळा येईल? सभा कमी करायच्या असतील तर आधी नियम पाहा. रोटरीने २०१६मध्ये क्लबांना याबाबत बरीच मोकळीक दिली, तरी महिन्यातून किमान दोनदा भेटणं अपेक्षित आहे.

१०. ज्येष्ठ माजी अध्यक्ष प्रत्येक गोष्टीत खोडा घालतात. ‘आपल्याकडे असं कधी झालं नाही’ हे वाक्य ऐकून कंटाळलोय.

यावर सर्वांत जास्त फोन येतात, आणि प्रश्न विचारणाऱ्याला हवं ते उत्तर मी देत नाही. त्यांच्या घरी जा, एकटे जा, आणि त्यांच्या वर्षात काय झालं ते विचारा. तासभर लागेल. त्या तासात दोन गोष्टी कळतात: तुमची नवी कल्पना त्यांनी बारा वर्षांपूर्वी करून पाहिली होती का, आणि ती कशामुळे बारगळली. सभेतला विरोध पुष्कळदा ‘मला विचारलं नाही’ एवढाच असतो.

तरीही अडलं तर संचालक मंडळात ठराव मांडा, मतदान घ्या, इतिवृत्तात नोंद करा. ग्रुपवर भांडू नका. ‘कधी झालं नाही’ हे कारण टिकत नाही याचा दाखला या क्लबांच्याच इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते इथल्या रोटरी क्लबने १९७७मध्ये तीन स्त्रियांना सदस्य करून घेतलं म्हणून रोटरीने त्याची सनद, म्हणजे क्लब म्हणून असलेली मान्यता, काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १९८७मध्ये निकाल क्लबच्या बाजूने लागला, १९८९मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला. २०२२-२३मध्ये जेनिफर जोन्स रोटरीच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या.

११. एक सदस्य भरपूर देणगी देतात पण प्रकल्प स्वतःच्या मर्जीने वळवतात. त्यांना दुखवायचं नाहीये.

ध्येयं ठरण्याआधी त्यांच्याकडे गेलात तर ते सल्लागार असतात, ठरल्यानंतर पैसे मागायला गेलात तर मालक होतात. एवढा क्रम सांभाळा. ‘या तीनपैकी कोणत्या कामाला तुमचा हातभार लागेल?’ असं विचारा, ‘काय करूया?’ असं विचारू नका. ऐकलं नाहीच, तर ती देणगी सोडून द्यायची तयारी ठेवा. क्लबात अशी माणसं एकापेक्षा जास्त असतात, आणि एकाचं ऐकलेलं बाकीचे बघत असतात.

१२. अर्धं वर्ष गेलं आणि ध्येय गाठणं अशक्य दिसतंय. आकडा गुपचूप कमी करावा का?

कमी करा, गुपचूप नको. वर्षाच्या मध्यावर एक अख्खी सभा फक्त यासाठी ठेवा: ठरलं काय होतं, झालं काय, अडलं कुठे. ध्येय बदललं तर जुना आकडा खोडू नका, शेजारी नवा लिहा.

हुकलेलं ध्येय म्हणजे वाया गेलेलं काम असं नाही. रोटरीने १९८५मध्ये पोलिओप्लस हा पोलिओविरोधी कार्यक्रम जाहीर केला तेव्हा १२ कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं. १९८८पर्यंत २४.७ कोटी जमले, म्हणजे पैशाचं ध्येय दुपटीने पार. त्याच १९८८मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने २०००पर्यंत पोलिओ हद्दपार करायचा ठराव केला, आणि तो मात्र हुकला. २००० येऊन गेलं, विषाणू राहिला. पण सुरुवातीला १२५हून अधिक देशांत वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओने लुळी पडत होती, ते प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त उतरलं. तारीख चुकल्याचं कुणी लपवलं नाही, आणि मोजणं थांबवलं नाही. तुमच्या क्लबचं काम याच्या हजाराव्या हिश्श्याएवढंही नसेल, पण वही ठेवायची रीत तीच.

१३. प्रसिद्धी किती करावी?

काम कळावं इतकी. मदत घेणाऱ्याचा चेहरा त्याच्या परवानगीशिवाय फोटोत नको, मुलांचा तर पालकांच्या होकाराशिवाय मुळीच नको. एक वही द्यायला सात जणांचे हात पुढे आलेले फोटो मी पाहिलेत. त्या मुलाची नजर वहीवर नसते.

१४. निवडणुकीच्या काळात एखादा उमेदवार प्रकल्पाला पैसे देऊ म्हणाला तर?

नको म्हणा. पक्षीय राजकारण आणि पंथीय धर्मवाद सदस्यांनी क्लबात चर्चेला घेऊ नयेत, असं लायन्सच्या उद्दिष्टांतच लिहिलंय. रोटरीही स्वतःला राजकारण आणि धर्म यांपासून अलग ठेवते. स्वतंत्र क्लबांना लेखी बंधन नसेल, पण एकदा एका बाजूचा शिक्का बसला की दुसऱ्या बाजूचे सदस्य हळूहळू यायचे थांबतात. कारण विचारलंत तर ‘वेळ मिळत नाही’ म्हणतात. लोकप्रतिनिधीला पदाच्या नात्याने पाहुणा म्हणून बोलावणं वेगळं. त्यातही आचारसंहितेचे दिवस टाळा.

१५. मध्येच पूर, भूकंप असं काही आलं तर ठरलेली ध्येयं सोडायची का?

पहिल्या आठवड्यात सोडा, दुसऱ्यात पुन्हा विचार करा. तातडीच्या मदतीला सगळेच धावतात. जुने कपडे आणि पाण्याच्या बाटल्यांचे ढीग लागतात, आणि ते उपसायला आणखी माणसं लागतात. क्लबची खरी जागा बहुधा दोन महिन्यांनी तयार होते, बाकीचे परत गेल्यावर. तेव्हा तीनपैकी एक ध्येय रीतसर ठरावाने बदला (नोंद कशी ठेवायची ते प्रश्न १२मध्ये आहे). आपत्तीसाठी गोळा झालेला पैसा वेगळा ठेवा, उरला तरी त्याला दुसऱ्या कामाकडे पाय फुटू देऊ नका. उरलेल्याचं काय करायचं ते देणाऱ्यांना विचारून ठरवा.

१६. पुढच्या वर्षासाठी कुणीच तयार नाही. मीच दुसऱ्यांदा अध्यक्ष होऊ का?

घटनेत बसत असेल तर एकदा, आणि तेही उघड अट घालून: पहिल्या तिमाहीतच उपाध्यक्ष ठरला पाहिजे आणि निम्म्या सभा त्याने चालवल्या पाहिजेत. कुणी तयार नाही याचं कारण बरेचदा तुमचंच वर्ष असतं. बाकीच्यांनी तुमची धावपळ पाहिली आणि ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असं ठरवून टाकलं. प्रश्न २ पुन्हा वाचा. अध्यक्ष निवांत दिसला की उमेदवार मिळतात, हा माझा अनुभव.

१७. मी सुरू केलेला प्रकल्प नवा अध्यक्ष बंद करतोय. मला थांबवता येईल का?

मत देऊ शकता, थांबवू शकत नाही. खुर्ची आता त्याची आहे. पण तो का बंद करतोय ते विचारा. ‘कागदपत्रंच मिळाली नाहीत’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर विश्वास बसतो. शाळेच्या शिक्षकाचा नंबर तुमच्याच मोबाइलमध्ये, दुरुस्तीवाल्याची पावती तुमच्याच ड्रॉवरमध्ये, आणि शब्द दिलेले सगळे तोंडी. अशा प्रकल्पाला हात घालायला नवा माणूस बिचकणारच. एक फाइल करा: कोण कोण गुंतलंय, वर्षाला खर्च किती, कुणाला काय कबूल केलंय, पुढचं काम कोणत्या महिन्यात. चार पानांपेक्षा जास्त नको. ती घेऊन त्याच्याकडे जा आणि प्रकल्प नको असेल तर निदान लाभार्थींना कोण आणि कधी सांगणार, एवढं त्याच्याकडून ठरवून घ्या.